हजेरीपटावर नसलेली मुले



विशेष मुलांच्या एखाद्या लहान माध्यमिक शाळेची पटसंख्या ऐकली की लोक सहज म्हणतात, "एवढ्याशा मुलांसाठी एवढा खर्च कशाला?" मी बँकेत कारकुनी करणारा माणूस. खात्यात रक्कम कमी दिसली की ती गेली कुठे, हे आम्ही आधी शोधतो. या पटालाही तोच प्रश्न विचारला पाहिजे.

वर्ग लहान असण्याचे एक कारण रास्त आहे. खुणांच्या भाषेतून शिकणारे, ब्रेल वाचणारे, बौद्धिक अक्षमता असलेले, अशा प्रत्येक मुलाकडे शिक्षकाला स्वतंत्र लक्ष द्यावे लागते. साठ मुलांच्या वर्गात ते जमत नाही.

दुसरे कारण मात्र आपल्याला विचार करायला लावणारे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांतील ५ ते १९ वयोगटातल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के शिकत होती, १२ टक्क्यांनी शाळा सोडली होती आणि २७ टक्के मुलांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. बहुविकलांग मुलांत तर हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. अपंग पुरुषांत ६२ टक्के साक्षर, तर स्त्रियांत केवळ ४५ टक्के. अपंगत्वाचे प्रमाण एकूण लोकसंख्येत २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के. म्हणजे हा प्रश्न आपल्या वस्तीबाहेरचा नाही.

पट लहान आहे, याचा अर्थ मुले थोडी आहेत असा नाही. ती घरात आहेत. 

कायदा त्यांच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत, जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सर्वसाधारण मुलांचा हा हक्क १४ व्या वर्षी संपतो. म्हणजे माध्यमिक शिक्षण ही येथे कोणाची मेहेरबानी नाही. परीक्षेत लेखनिक, जादा वेळ, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचीही तरतूद आहे. पुढे उच्च शिक्षणात ५ टक्के जागा आणि सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. परंतु शाळेच्या पटावर नावच नसेल, तर या सवलती घ्यायच्या कोणी?

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत आपापल्या वस्तीत घरोघरी जा. शाळेबाहेर राहिलेल्या अशा मुला-मुलींची नावे, वय आणि शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, हे वहीत लिहा. पालकांना अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून देण्यास मदत करा. मुलीला शाळेत सोडायला कोणी नसेल, तर संस्थेच्या सभासदांनी ती सोय करावी. आणि नाव घातल्यावर दरवर्षी जाऊन पाहा, ते अजून पटावर आहे ना?

ही वही आपल्या पुढील सभेत वाचली जावी, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो. जयभीम.