अमेरिकेचे यादवी युद्ध आणि वऱ्हाडचा कापूस



अमेरिकेच्या इतिहासावर बोलण्याचे काम बाळापूरसारख्या गावातील एका निवृत्त शाळामास्तराकडे का यावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. वॉशिंग्टन, जेफर्सन, लिंकन ही नावे पाठ्यपुस्तकांतून आपल्या परिचयाची असतात. परंतु ती माणसे फार दूरची आणि त्यांची भांडणे त्यांची त्यांना, अशी आपली एक समजूत असते. निदान आम्हा वऱ्हाडकरांना तरी ही समजूत शोभत नाही. अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठा रक्तपात ज्या पिकावरून झाला, तेच पीक आमच्या काळ्या जमिनीत उभे आहे. आणि त्या रक्तपाताच्या चार वर्षांत आमच्या कापसाला जो भाव आला, तो त्यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. एखाद्या खटल्यात ज्याचा लाभ झाला असेल, त्याने साक्ष देण्यापूर्वी तेवढे सांगून टाकावे हे बरे. म्हणून ते मी आरंभीच सांगून टाकतो.

कथा सुरू होते ती १७९३ साली. आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला इतकी घट्ट चिकटलेली असते की, दिवसभर बसून एका माणसाच्या हातून जेमतेम रत्तलभर रुई निघे. त्या साली इलाय व्हिटनी नावाच्या तरुणाने सरकी काढण्याचे एक यंत्र तयार केले. यंत्राने माणसाचे कष्ट वाचतात, असे आपण मुलांना शिकवितो. येथे घडले ते उलट. रुई झपाट्याने निघू लागली, तसा कापूस अधिक पेरावा असे वाटू लागले. कापूस अधिक पेरला, तसे खुरपावयास व वेचावयास हात अधिक लागले. आणि ते हात गुलामांचे होते. १७९० च्या शिरगणतीत त्या देशात सुमारे ७ लक्ष गुलाम होते; १८६० मध्ये ते सुमारे ३९ लक्ष ५० हजार झाले. म्हणजे दर आठ माणसांत एक माणूस दुसऱ्याच्या मालकीचा.

जमीनही लागली. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या प्रदेशांत चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ आदी मूळ रहिवाशांची वस्ती होती. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या कारकीर्दीत १८३० साली त्यांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलविण्याचा कायदा झाला, आणि १८३८ च्या सुमारास चेरोकी लोकांना सैनिकांच्या पहाऱ्यात घरादारांतून काढून पश्चिमेकडे चालविण्यात आले. वाटेत थंडीने व रोगराईने हजारो माणसे मेली. हाच जॅक्सन सामान्य गोऱ्या मतदाराला राज्यकारभारात स्थान मिळवून देणारा पुढारी म्हणूनही नावाजला गेला आहे, आणि तेही खोटे नाही. एकाच माणसाच्या नावावर या दोन्ही नोंदी आहेत. एक लिहून दुसरी पुसणाऱ्याला मी इतिहासकार म्हणणार नाही.

शाळेत हा भाग शिकवीत असता विद्यार्थी हमखास विचारीत, "गुरुजी, कोणाची बाजू खरी? उत्तरेची की दक्षिणेची?" पुष्कळ लोक अशा वेळी निःपक्षपातीपणा म्हणजे निम्मे निम्मे वाटून देणे असे समजतात, थोडे याचे खरे, थोडे त्याचे खरे. मला हा मार्ग आळशीपणाचा वाटतो. प्रत्येक पक्षाचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकावे, आणि मग जे निघेल ते निघेल.

दक्षिणेकडील संस्थाने आपल्या हक्कांसाठी लढली, गुलामगिरीचा प्रश्न केवळ निमित्तमात्र होता, असे पुढे पुष्कळांनी लिहिले. मग दक्षिणेचेच कागद पाहू. जानेवारी १८६१ मध्ये मिसिसिपी संस्थानाने फुटून निघण्याची कारणे सांगणारा जाहीरनामा काढला. आपली सर्व स्थिती गुलामगिरीच्या संस्थेशी एकरूप झालेली आहे, असे त्यात आरंभीच निःसंकोचपणे म्हटले आहे. त्याच वर्षी मार्च महिन्यात दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी सॅव्हाना येथे भाषण केले. कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आपल्या नव्या राज्याची कोनशिला होय, असा त्या भाषणाचा आशय होता. यानंतर निमित्तमात्र हा शब्द टिकत नाही. दक्षिणेवर हा आरोप उत्तरेने लादला नाही. ती तिची स्वतःची जबानी आहे.

आता उत्तरेची जबानी. ४ मार्च १८६१ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेताना लिंकन यांनी स्पष्ट सांगितले की, जेथे गुलामगिरी आहे तेथे तिला हात लावण्याचा आपला हेतू नाही. १८६२ च्या ऑगस्टमध्ये होरेस ग्रीली या संपादकास लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले की, आपले मुख्य कार्य संघराज्य राखणे हे आहे; एकाही गुलामास मुक्त न करता ते राखता आले तर तसे करू, सर्वांना मुक्त करून राखता आले तर तसे करू. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा बंड केलेल्या प्रदेशांपुरताच होता. केंटकी, मेरीलँड यांसारखी जी गुलाम बाळगणारी संस्थाने संघराज्यात राहिली होती, त्यांना तो लागू नव्हता. आणि त्या जाहीरनाम्याच्या अवघे सहा दिवस आधी, २६ डिसेंबर १८६२ रोजी, मिनेसोटात डकोटा जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. लष्करी न्यायमंडळाने ३०३ जणांना देहान्ताची शिक्षा सांगितली होती. लिंकन यांनी कागदपत्रे मागवून, तपासून, बहुतेकांची फाशी रद्द केली. हे त्यांचे श्रेय. उरलेल्यांच्या फाशीस मान्यता दिली, हेही त्यांचेच.

मग लिंकन यांची थोरवी कोठे राहिली? याचे उत्तर ज्याने दिले तो माणूस स्वतः गुलाम म्हणून जन्मला होता. फ्रेडरिक डग्लस हे १८३८ साली मालकाकडून पळून गेले, आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध बोलणारे त्या देशातील अग्रगण्य वक्ते झाले. १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टन शहरात लिंकन यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. त्यासाठी पैसा मुक्त झालेल्या गुलामांनी दिला होता. समोर अध्यक्ष ग्रँट बसले होते. अशा प्रसंगी स्तुतीवाचून दुसरे काय ऐकावयाचे? परंतु डग्लस यांनी प्रारंभीच सांगितले की, लिंकन हे मुख्यतः गोऱ्यांचे अध्यक्ष होते. आम्ही त्यांची फार तर सावत्र मुले. पुढे ते म्हणाले की, गुलामगिरी तत्काळ नष्ट व्हावी असे म्हणणाऱ्याच्या जागेवरून पाहिले तर लिंकन मंद, थंड व उदासीन वाटतात. पण ज्या देशाचे मन त्यांना सांभाळावयाचे होते त्या मनाच्या मापाने मोजले, तर ते जलद, उत्साही व निश्चयी होते. दोन्ही मापे त्यांनी श्रोत्यांच्या हाती दिली आणि कोणतेही लपविले नाही. चाळीस वर्षे इतिहास शिकवून मला याहून चांगला धडा सापडलेला नाही. आणि डग्लस तटस्थ नव्हते बरे का! गुलामगिरी हे पाप होते याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. सुमारे १ लक्ष ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले. त्यांत त्यांचे स्वतःचे मुलगे होते.

युद्धाचा शेवटही सांगण्याजोगा आहे. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली यांनी ग्रँट यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. ज्यांचे घोडे किंवा खेचरे स्वतःच्या मालकीची असतील त्या सैनिकांनी ती घरी न्यावीत, नांगरणीचे दिवस आले आहेत, असे ग्रँट यांनी मान्य केले. कास्तकाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पाचच दिवसांनी लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. चार वर्षांत ६ लक्षांहून अधिक सैनिक प्राणास मुकले होते.

आता आपल्या घराकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला होता. त्या वेळी आमच्याकडे बनी आणि जरी या देशी जातींचा कापूस होई, आणि बैलांच्या पाठीवरून तो पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. लॅन्कशायरच्या गिरण्या मात्र तीन चतुर्थांशांहून अधिक अमेरिकन कापसावर चालत. १८६१ च्या एप्रिलात लिंकन यांनी दक्षिणेची बंदरे रोखली, आणि इंग्लंडात रुईचा दुष्काळ पडला. गिरण्या बंद झाल्या, मजूर उपाशी पडले. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठविले, आणि लिंकन यांनी त्यास कृतज्ञतेचे उत्तर लिहिले. सगळेच मजूर त्या मताचे नव्हते. पण भुकेल्या पोटी असे पत्र लिहिणारे होते, ही नोंद राहिली पाहिजे.

आम्ही काय केले? आम्ही कापूस विकला. भाव तिप्पट-चौपट झाले. जेथे ज्वारी उभी राहावयाची तेथे कपाशी दिसू लागली. भाव चढताच रुईत सरकी, माती आणि पाणी मिसळण्याचे प्रकार इतके वाढले की, १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. हिंदुस्थानातून गेलेल्या सर्वच कापसास लिव्हरपुलात 'सुरती' म्हणत. देवा, आम्हांस कापूस दे, पण सुरती देऊ नकोस, अशी प्रार्थना तिकडील मजूर करीत असल्याची आख्यायिका आहे. इतरांच्या दोषांची नोंद आपण घेतो, तर आपल्या या दोषाचीही घ्यावी.

मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर नवनव्या कंपन्यांचे भाग विकले जाऊ लागले. समुद्र हटवून जमीन करण्याच्या बॅकबेच्या योजनेच्या भागांना तर वेड लागल्यासारखी मागणी आली. युद्ध संपल्याची वार्ता आली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याचा दिवस उजाडला तेव्हा कोट्यधीशांची दिवाळी निघाली. लिंकन यांचा विजय हा मुंबईच्या सट्टेबाजांचा सर्वनाश होता. आणि तो विजय होऊ नये अशी इच्छा त्या बाजारात पुष्कळांनी मनात धरली असली पाहिजे. प्रेमचंद यांनी आईच्या नावे बांधविलेला राजाबाई मनोरा त्या दिवसांची आठवण म्हणून मुंबईत आजही उभा आहे.

वऱ्हाडच्या कास्तकाराचे काय झाले, हे सांगणारा असा मनोरा नाही. भाव उतरला, पण शेत कापसाचे झाले ते झालेच. भुसावळहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपुरास पोहोचली. १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा फाटा उघडला गेला, आणि त्याच वर्षी समुद्रातील तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. रिव्हेट-कार्नॅक हे येथील कापूस खात्याचे अधिकारी होते. रेल्वे आली म्हणजे विलायती कापड स्वस्तात येईल, येथील सूत काढणारे व विणकर शेतीच्या कामास मोकळे होतील आणि रुई अधिक बाहेर जाईल, असे त्यांनी आपल्या लेखी अहवालात उघडपणे मांडले होते. आमचे बाळापूर एके काळी पागोट्यांसाठी व हातकागदासाठी नावाजलेले होते. रेल्वे गावापासून सहा मैलांवर, पारसवरून गेली. पागोटी विणणारे माग आज येथे नाहीत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत, ज्या वऱ्हाडाला पूर्वी दुष्काळ ठाऊक नाही असे म्हणत, त्या वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली.

तिकडे अमेरिकेत मुक्त झालेला गुलाम जमिनीवाचूनच मुक्त झाला. त्याच मालकाच्या शेतात तो बटाईने कापूस पेरू लागला, आणि बी-बियाणे, पीठमीठ दुकानदाराकडून पुढच्या पिकाच्या हमीवर उधार घेऊ लागला. आमच्याकडील कास्तकार सावकाराकडून घेत होता ते यापेक्षा फारसे निराळे नव्हते.

एक गोष्ट राहिली. ज्या युद्धात आमच्या बाजारपेठेने केवळ भाव पाहिला, त्यात दुसरे काही पाहणारा एक मराठी माणूस होता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यात 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी दाखविलेल्या औदार्याबद्दल व स्वार्थत्यागाबद्दल ते अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले. अमेरिकेत मिळालेले ते हक्क चारच वर्षांनी, १८७७ नंतर, दक्षिणेत पुन्हा हिरावले जाऊ लागले; कायद्याने ते पुरते परत येण्यास १९६४ व १९६५ साल उजाडावे लागले. जोतीरावांनी अर्पणपत्रिका लिहिली तेव्हा यातले काही घडलेले नव्हते.

पंडिता रमाबाई मात्र तो देश डोळ्यांनी पाहून आल्या. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियात १८८६ साली वैद्यकाची पदवी मिळाली, त्या समारंभासाठी त्या गेल्या आणि १८८८ पर्यंत तेथे हिंडल्या. १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. तेथील शाळा, स्त्रियांच्या संस्था, लोकसत्ताक राज्यपद्धती यांचे त्यांनी मनापासून कौतुक केले आहे. त्याच पुस्तकात मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय, काळ्या माणसांविषयीचा वर्णद्वेष आणि स्त्रियांना नसलेला मताधिकार यांवर त्यांनी तितकेच स्पष्ट लिहिले आहे. ज्यांनी त्यांना आश्रय दिला, ज्यांच्या वर्गणीवर त्यांची मुंबईतील शाळा निघाली, त्याच लोकांविषयी त्या हे लिहीत होत्या.