न्यायासनावरचा आरोपी



न्यायाधीशच गुन्हेगार निघाला, तर फिर्याद कोणापुढे करावी? प्रश्न गंभीर आहे खरा. पण हाइनरिश फॉन क्लाइस्ट या जर्मन नाटककाराने त्यावर पोट धरून हसायला लावणारे नाटक लिहिले. त्याचे नाव 'फुटकी सुरई'.

हॉलंडातील एका खेड्यातले कोर्ट. मार्थेबाई आपली चित्रे काढलेली सुरई फुटल्याची फिर्याद घेऊन येते. रात्री तिच्या मुलीच्या, एव्हच्या, खोलीत कोणी पुरुष शिरला आणि खिडकीतून पळताना सुरई फुटली. आळ येतो एव्हच्या वाग्दत्त वरावर. न्यायासनावर आहे आदाम. डोके फुटलेले, केसांचा टोप हरवलेला. रात्रीचा तो पुरुष तोच! तुझ्या नवऱ्या मुलाला सैन्यात घालून पूर्वेकडच्या बेटांवर धाडतील, अशी भीती घालून त्याने मुलीचे तोंड बंद केले आहे. टोप कुठे, असे विचारले तर म्हणे, त्यात मांजर व्याले! पण नेमके त्याच दिवशी वरचे तपासणीस वाल्टरसाहेब येऊन बसलेले. त्यांच्यासमोर एकेक खोटे उघडे पडते आणि न्यायाधीश पळ काढतो.

या नाटकाचा व्हिक्टर उलमान याने 1941-42 साली प्रागमध्ये ऑपेरा केला. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखा गद्य-पद्याचा मेळ नव्हे. त्यात संवादही बहुधा वाद्यवृंदाच्या साथीने गायचे असतात. उलमानने ते लांबलचक नाटक स्वतःच काटछाट करून तासाभरात मावेल असे एकअंकी केले.

हा माणूस कोण? 1898 साली जन्मलेला. आईबाप ज्यू कुळातले, पण त्याच्या जन्माआधीच ख्रिस्ती झालेले. पहिल्या महायुद्धात तो ऑस्ट्रियाच्या बाजूने लढलाही होता. परंतु 1939 च्या मार्चमध्ये नाझींनी प्राग घेतले. त्यांचा कायदा धर्म पाहत नव्हता, पराक्रमही पाहत नव्हता; रक्त पाहत होता.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबा. आदाम लबाड खरा. पण त्याला टोप लपवावा लागतो, थापा माराव्या लागतात. म्हणजे कायद्याची भीती त्याच्या मनात शिल्लक आहे, आणि त्याच्या वर वाल्टर आहे. उलमानच्या प्रागमध्ये अन्याय लपवावा लागत नव्हता. तोच कायदा म्हणून जाहीर होत होता. तिथे कोणता वाल्टर येणार होता? असे असून या माणसाने विनोदी नाटकच निवडले, आणि शेवटी सर्व पात्रांच्या तोंडी न्यायाधीशाचे मन निर्मळ असावे, हा बोध घातला.

1942 च्या सप्टेंबरमध्ये त्याला तेरेझिनच्या वस्तीत कोंडले. तिथेही तो लिहीत राहिला. 1944 च्या ऑक्टोबरमध्ये आउशविट्झला नेऊन त्याला ठार मारण्यात आले. हा ऑपेरा रंगभूमीवर पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

तो प्रथम रंगभूमीवर आला 1996 साली, वायमार शहरात. क्लाइस्टचे मूळ नाटक 1808 साली याच शहरात, गटेच्या देखरेखीखाली प्रथम झाले होते आणि साफ पडले होते. नाझींची बुखेनवाल्ड छावणीही याच शहराच्या वेशीवर होती.

सुरई सांधली जात नाही. उलमानही परत येत नाही. पण फिर्याद तर नोंदवली गेली! ती ऐकून घेणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.