प्रशिक्षण संपल्यावर



२०२४ मध्ये राज्याच्या कौशल्य विभागाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय-पदविकावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन. सुरुवातीची मुदत सहा महिने. जिंतूर-पालमकडच्या मुलीला त्यामुळे पुणे न गाठता गावच्या ग्रामपंचायतीत काम करता येते. अर्ज कुठे अडतो, दाखला कसा निघतो, हे तिला टेबलाच्या आतल्या बाजूने कळते. मला तर हे विद्यावेतनाहून मोलाचे वाटते. पण मुदत संपली की हाती प्रमाणपत्र उरते. नोकरीची हमी योजनेत नाही. आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, अनुभव दाखवा! आपल्यात कारखानदार आहेत, डॉक्टर आहेत, दुकानदार आहेत. असे प्रमाणपत्र घेऊन कुणी आले, तर निदान मुलाखत घ्या.