सहा नावांचे अण्णा



नाशिकहून गोदावरीच्या काठाकाठाने खाली गेलं, की कोपरगावच्या पुढे पुणतांबं लागतं. चांगदेवांच्या समाधीचं गाव. रामचंद्र नरहर चितळकर १२ जानेवारी १९१८ रोजी इथेच जन्मले. सिनेमासृष्टीत सगळे त्यांना अण्णा म्हणत; पडद्यावरच्या श्रेयनामावलीत मात्र ते कितीतरी नावांनी भेटतात.

विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेला हा तरुण सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवायला लागला. पुढे भगवानदादांच्या ‘सुखी जीवन’ला त्याने संगीत दिलं, ते राम चितळकर या नावाने. ‘मतवाले’ला अण्णासाहेब, ‘ये है दुनिया’ला श्यामू, मराठी चित्रपटात अभिनय करताना आर. एन. चितळकर, गाताना नुसतं चितळकर आणि मोठं नाव झालं ते सी. रामचंद्र!

या सी. रामचंद्रांनी १९४७ च्या ‘शहनाई’त गिटार, माउथ ऑर्गन आणि चक्क शीळ वाजवून घेतली. बेनी गुडमनचा जॅझ त्यांच्या कानात होता आणि बुवांची तालीम गळ्यात. म्हणून ‘अलबेला’चा धांगडधिंगा १९५१ साली करणारा माणूस दोनच वर्षांत ‘अनारकली’ही देऊ शकला.

लता मंगेशकरांनी संगीत देताना आनंदघन हे नाव घेतलं, तेव्हा संगीतकार कोण हे लोकांना कळू नये असा हेतू होता. अण्णांचं तसं नव्हतं. चितळकर म्हणजे कोण, हे जाणकारांना ठाऊक होतं. तरी या नावांनी त्यांचं एक नुकसान केलं. संगीतकार मोठा ठरला, गायक मागे राहिला. ‘आझाद’मधलं लताबाईंबरोबरचं त्यांचं द्वंद्वगीत ऐकून अनेकांना अजूनही तो तलत महमूदचा आवाज वाटतो. ‘अलबेला’त भगवानदादांच्या ओठांवर अण्णांचाच आवाज आहे, पण गाजलेले पार्श्वगायक मोजताना चितळकर हे नाव कुणी घेत नाही.

५ जानेवारी १९८२ रोजी अण्णा गेले. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचं आत्मचरित्र जरूर वाचा. आणि जुन्या तबकडीवर गायक म्हणून नुसतं ‘चितळकर’ दिसलं, तर घरातल्या मुलांना सांगा, की चाल बांधणारा आणि गाणारा माणूस एकच आहे, आपल्या गोदाकाठचा.