आजी, तुम्ही फक्त बटण लक्षात ठेवा

स्वयंपाक झाला का? झाला नसेल तर हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

आज बचतीचं, हप्त्याचं बोलणार नाही. मताचं बोलणार आहे. मत कुणाला द्यायचं ते नाही, ते तुमचं तुम्ही ठरवाल. मत मागायला येणारी माणसं आपल्याशी कशी बोलतात, त्याबद्दल थोडं बोलू.

मागच्या विधानसभेच्या प्रचारातली गोष्ट. गावातले कार्यकर्ते माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, साहेब येणार आहेत. पन्नास बायका तरी पाहिजेत." मी गटांची समन्वयक, सगळ्यांचे नंबर माझ्याकडे. फोन फिरवले, बासष्ट बायका जमवल्या. काही जणी खुरपणीचा अर्धा रोज बुडवून आल्या. सभा चारची होती, साहेब आले साडेसहाला. पुढं खुर्च्यांवर पुरुष मंडळी, मागं सतरंजीवर आम्ही.

भाषण झाल्यावर आमच्या गटातल्या एक मावशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आमच्या वस्तीच्या ओढ्यावर पूल कधी होणार? पाऊस लागला की नातीची शाळा बुडते." साहेब हसले आणि माईकवरूनच म्हणाले, "आजी, तुम्ही फक्त बटण लक्षात ठेवा. बाकीचं तुम्हाला नाही कळायचं, ते आम्ही बघतो."

मंडपात हशा पिकला. मीही हसले. वर मावशींचा पदर ओढून म्हणाले, "बसा आता."

परत येताना मावशी वाटेत काही बोलल्या नाहीत. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "त्यो हसला त्याचं काय नाही गं. त्यो उद्या जाईल. तू हसलीस."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी बी.ए. झालेली. मावशी अंगठा लावणाऱ्या. मोठ्या माणसांसमोर ह्या काहीतरी बोलतील आणि आपली शोभा होईल, अशी मला भीती वाटली होती. म्हणजे साहेबांच्या मनात जे होतं, तेच थोडंफार माझ्याही मनात होतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. २०१० साली ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन प्रचाराला रॉचडेल नावाच्या गावी गेले होते. तिथं एका पासष्ट वर्षांच्या बाईंनी त्यांना पेन्शनबद्दल, देशाच्या कर्जाबद्दल, बाहेरून येणाऱ्या लोकांबद्दल विचारलं. पंतप्रधान त्यांच्याशी हसून बोलले, गाडीत बसले आणि आपल्या माणसाला म्हणाले की ही बाई संकुचित मनाची आहे. कोटाला लावलेला माईक चालूच राहिला होता. ते बोलणं देशभर ऐकू गेलं. त्याच दिवशी त्यांना त्या बाईंच्या घरी जाऊन माफी मागावी लागली. त्या बाईंचं म्हणणं बरोबर होतं का चूक, हा वेगळा वाद. पण तिथं निदान गाडीची काच वर करून बोलले. आपल्याला तर माईकवरून, तोंडावर ऐकवतात, आणि आपणच हसतो.

मैत्रिणींनो, आपलं मत फुकट मिळालेलं नाही. स्वातंत्र्यानंतर बहुतेक लोक अडाणी होते. अशा लोकांना मत द्यावं का, अशी शंका तेव्हाही घेतली गेली. पण घटनेनं प्रत्येक प्रौढ बाईला आणि पुरुषाला एकेक मत दिलं. वाचता न येणाऱ्यांसाठी निवडणूक चिन्हं आली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मात्र देशातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीत येऊ शकली नाहीत. कारण त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, मतदार म्हणजे स्वतःचं नाव असलेलं माणूस. नुसत्या कुणाच्या बायकोचं नाव यादीत घालणार नाही.

आज आपलं नाव यादीत आहे. पण प्रश्न विचारायची वेळ आली की आपण परत "अमक्याची बायको" होऊन मागं बसतो.

आणखी एक सांगते. खाली बसून आपल्या ताटात भाकरी खाल्ली, म्हणजे मान दिला असंही नाही. सोबत फोटोवाला असेल आणि जेवून झाल्यावर प्रश्न ऐकायला वेळ नसेल, तर त्यालाही आपण गर्दीच वाटतो. उलट एखादा शहरात शिकलेला, कडक इस्त्रीचा उमेदवार नीट ऐकूनही घेईल. कपडे, बोली, जेवण यावरून माणूस ओळखू नका. आपण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं का, तेवढं बघा.

त्या सभेनंतर दोन दिवसांनी आम्ही बैठक घेतली. मी आधी मावशींची माफी मागितली, सगळ्यांसमोर. मग तीन गोष्टी ठरवल्या आणि इतिवृत्तात लिहिल्या. एक, गर्दीसाठी बायका जमवायच्या नाहीत. ज्याला बोलायचंय त्यानं आमच्या बैठकीला यावं आणि सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसावं. दोन, आधी प्रश्न, मग भाषण. तीन, उत्तर वहीत लिहायचं, तारखेसकट.

आठवड्यानं दुसरे एक उमेदवार आले. मावशींनीच पहिला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "पूल होईलच असं मी आज सांगू शकत नाही. तो रस्ता जिल्हा परिषदेचा आहे का बांधकाम खात्याचा, ते आधी बघावं लागेल. तुम्ही ग्रामसभेत ठराव घेतलाय का?" आम्ही गप्प. ठराव घेतलाच नव्हता! आश्वासन मिळालं नाही, पण मावशी खूश होत्या. म्हणाल्या, "ह्यानं मला माणसागत उत्तर दिलं." ते निवडून आले का पडले, ते मी सांगणार नाही. नाहीतर इथूनच कुणाचा तरी प्रचार व्हायचा.

निवडणुकीनंतर आम्ही महिलांच्या सभेत विषय मांडला. ग्रामसभेआधी ही सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. तिथून ग्रामसभेत ठराव झाला. त्याची प्रत पंचायत समितीत दिली, पोच घेतली. पूल अजून झालेला नाही. पण पोच आमच्या वहीत चिकटवलेली आहे आणि दर महिन्याला दोघी जणी जाऊन विचारून येतात. पुढच्या महिन्यात मावशींची पाळी आहे.

तुमच्या गावात काय करता येईल? उमेदवारानं अर्जासोबत शपथपत्र दिलेलं असतं. त्यात शिक्षण, मालमत्ता, कोर्टातले खटले सगळं असतं, आणि ते कुणालाही बघता येतं. शिकलेल्या मुलीकडून बैठकीत मोठ्यानं वाचून घ्या. गटानं मिळून दोनच प्रश्न काढा, पण नेमके काढा. आणि प्रश्न विचारायला अशा बाईला उभं करा, जिला तो त्रास रोज होतो. चांगलं बोलता येणारी नसली तरी चालेल.

शेवटची एक विनंती, माझ्यासारख्या चार बुकं शिकलेल्यांना. आपली एखादी मावशी बोलायला उठली, तर तिचा पदर ओढू नका. तिच्या शेजारी उभ्या राहा.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.