तो धूर मला ओळखता आला नाही



मी निवृत्त कर्नल. नोकरीची सगळी वर्षं तोफखान्यात काढली, आता इंदूरला असतो. निवृत्त फौजी माइकसमोर उभा राहिला की समोरचे लोक युद्धकथेच्या तयारीनं बसतात. आज माझा विषय वेगळा आहे: कॉम्प्युटर गेममध्ये सिनेमासारखे व्हिडिओ कसे बनवतात. पासष्टीच्या माणसाला हा उद्योग कुणी सांगितला, असं तुम्हाला वाटेल. मला तो माझ्या चुकीनं सांगितला. म्हणून सुरुवात चुकीपासून करतो.

मे २०२५. ऑपरेशन सिंदूरचे दिवस. आम्हा सगळ्या जुन्या फौजींचे मोबाइल रात्रभर वाजत होते. एका रात्री माझ्याकडे अर्ध्या मिनिटाची एक क्लिप आली. अंधार, डोंगरातला रस्ता, गाड्यांचा ताफा. वरून काहीतरी झपकन येतं आणि एकामागून एक तीन गाड्या पेटतात. खाली मजकूर होता, आपल्या ताफ्यावर हल्ला. मी ती दोनदा पाहिली आणि आमच्या रेजिमेंटच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, ‘खरं आहे का?’

मला वाटलं, मी जबाबदारीनं वागलो. प्रश्नचिन्ह टाकलं होतं ना! पण क्लिप त्या ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपवर गेली, तिथून तिसऱ्या. वाटेत प्रश्नचिन्ह गळून पडलं आणि ‘कर्नलसाहेबांनी पाठवलंय’ एवढंच उरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातारा जिल्ह्यातून फोन आला. माझ्या बॅटरीत एक हवालदार ड्रायव्हर होते, काही वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या पत्नीचा फोन. मुलगा वडिलांच्याच रेजिमेंटमध्ये, सीमेवर, दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. त्या म्हणाल्या, “साहेब, त्या गाड्यांत आमचा पोरगा हाय का वो? तुमी पाठवलंय म्हंजी तुमाला ठावं असंल.”

मला काही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, “वहिनी, चौकशी करतो.” संध्याकाळी मुलाचाच घरी फोन आला. तो सुखरूप होता. पण त्या माउलीनं आदल्या रात्रीपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी माझा नातू, अकरावीतला, माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावला आणि म्हणाला, “आजोबा, हा तर आर्मा आहे.”

मी विचारलं, “कशावरून?”

“धुरावरून. हा धूर मी शंभर वेळा पाहिलाय.”

मी आयुष्यभर तोफगोळ्यांचा धूर पाहिलेला माणूस. मला तो ओळखता आला नाही. सतरा वर्षांच्या पोराला आला.

आर्मा ३ हा बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीचा गेम. २०१३ साली आला. अशा गेमला सँडबॉक्स म्हणतात. ठरलेली गोष्ट नाही, ठरलेला शेवट नाही. मैदान, गाड्या, माणसं तुमच्या ताब्यात, हवं ते मांडा. फौजेतल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. आमच्याकडे सँड मॉडेल असतं. जमिनीवर वाळूत डोंगर-नाले उभे करायचे, रंगीत भुकटीनं नदी आणि शेतं दाखवायची, दोऱ्यानं रस्ते आखायचे, मग छडी घेऊन सगळ्यांना योजना समजावायची. आर्मा म्हणजे हालणारं सँड मॉडेल.

त्यावर मॉड. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवून मूळ गेमला जोडलेली भर. कुणी खऱ्या देशांच्या सैन्याचे गणवेश आणि रणगाडे बनवतो, कुणी आवाज बदलतो, कुणी स्फोट आणि धूर. या एका गेमसाठी लोकांनी वीस हजारांहून जास्त मॉड बनवले आहेत, बहुतेक फुकट. मूळ गेम भविष्यकाळातल्या युद्धाचा आहे. मॉड घातले की तोच आजच्या युद्धासारखा दिसायला लागतो.

नातवानं माझ्यासमोर ती क्लिप पुन्हा बनवायला घेतली. गेममध्ये ‘ईडन’ नावाचा संपादक आहे. त्यात रस्त्यावर गाड्या ठेवल्या, त्यांना जाण्याच्या खुणा दिल्या, वेळ रात्रीची केली, थोडं धुकं घातलं. कॅमेरा मोकळा सुटतो, हवा तिथे नेता येतो; त्यानं तो दूरच्या टेकडीवर ठेवला. पडद्यावरचं चित्र रेकॉर्ड केलं, कडा कापल्या, आवाज काढून टाकला, चित्र मुद्दाम हलवलं आणि थोडं खराब केलं. चहा होऊन जेवणाची वेळ झाली नव्हती, तोवर क्लिप तयार. शेवटी म्हणाला, “आता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, उरलेलं काम तेच करेल.” खरंच आहे. पाठवताना व्हिडिओचा दर्जा उतरतो आणि सगळे दोष त्या धुरकटपणात लपतात.

हे काही फक्त आपल्याकडे घडलं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरची म्हणून आर्माचीच दृश्यं आपल्याकडच्या टीव्हीवर दाखवली गेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘कीव्हचं भूत’ म्हणून जगभर फिरलेला लढाऊ विमानाचा व्हिडिओ डीसीएस वर्ल्ड या विमानांच्या गेममधला होता. ज्यानं तो बनवला त्यानं तो गेमचा आहे असं स्वतः लिहिलं होतं. ती ओळ पुढे पाठवणाऱ्यांनी गाळली. माझ्या प्रश्नचिन्हासारखीच. मे २०२५ मध्येही गेममधली दृश्यं खऱ्या हल्ल्याची म्हणून फिरत आहेत, असं पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाला सांगावं लागलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये बोहेमियानं स्वतः निवेदन काढलं. अशा व्हिडिओची लक्षणं त्यात दिली आहेत: चित्र अस्पष्ट, कॅमेरा थरथरता, बहुतेक रात्र, बरेचदा आवाज नाही, हालचाल करणारी माणसं जवळजवळ नाहीत, धूर-आग-धूळ अनैसर्गिक. कारण सरळ आहे. गाडी हुबेहूब दाखवणं गेमला जमतं, धावणारा माणूस अजून जमत नाही.

माझ्या अनुभवातलं एक लक्षण मी त्यात घालतो. अशा क्लिपमध्ये कॅमेरा धरणारा घाबरत नाही. जवळ स्फोट झाला की खरा माणूस आधी जमिनीवर पडतो. आकाश, माती, स्वतःचे बूट, काहीही चित्रित होतं. गेमचा कॅमेरा थरथरतो, पण लक्ष्य चौकटीतून सुटत नाही. आणि पेटलेल्या गाडीतून कुणी उडी मारत नाही, कुणी कुणाला ओढून काढत नाही. त्या तीन गाड्यांभोवती एकही माणूस नव्हता. हे मला त्या रात्री दिसायला हवं होतं.

मग मी ठरवलं, हे शिकायचं. राग म्हणून नाही. वहिनींची माफी फोनवर मागून झाली होती, पण मनातून जात नव्हती. त्यांच्या यजमानांची एक रात्र माझ्याकडे होती, ती त्यांना दाखवायची होती.

गोष्ट छोटी आहे. पावसाळी रात्र, दिवे लावायला बंदी, अरुंद घाट. रसद घेऊन जाणारा ट्रक ते हवालदार चालवत होते. पुढे एक जवान चालत होता, पाठीवर पांढरा रुमाल बांधून. त्या रुमालावर नजर ठेवून त्यांनी पूर्ण घाट पार केला. मी शेजारच्या सीटवर होतो. पूर्ण वेळ ते एक शब्द बोलले नाहीत. वर पोचल्यावर म्हणाले, “साहेब, आता बिडी ओढू का?” एवढीच गोष्ट.

ती बनवायला मला चार महिने लागले. खरं तर मला आधी डोंगरावर पाणी नेणाऱ्या खेचरांचीही फिल्म करायची होती. पण मूळ गेममध्ये शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या, कुत्री आहेत, खेचर नाही. ट्रकचंही सोपं नव्हतं. कॉम्प्युटरचा ड्रायव्हर प्रत्येक वळणावर कठड्याला धडकायचा. तीन संध्याकाळी मी त्याला शिव्या घातल्या. मग नातवानं उपाय सांगितला: आपण स्वतः ट्रक चालवायचा, गेम ती हालचाल नोंदवून ठेवतो आणि नंतर जशीच्या तशी पुन्हा करतो. नातवानं चालवला, मी शेजारी बसून “हळू, अजून हळू” म्हणत राहिलो. पुढच्या जवानाच्या पाठीला रुमालाऐवजी पांढऱ्या कागदाची वस्तू चिकटवली. एका गोष्टीला दुसरी जोडायची आज्ञा गेममध्ये आहे. चेहरे मी दाखवलेच नाहीत. गेमच्या चेहऱ्यांत त्या रात्रीचं काही उमटत नव्हतं. कॅमेरा शेवटपर्यंत त्या पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला.

दोन गोष्टींवर माझं आणि नातवाचं वाजलं.

पहिली, जागा. त्याचं म्हणणं, तो घाट आणि वरची चौकी हुबेहूब उभारू. मी नाही म्हणालो. या गेमचा मोठा नकाशा ग्रीसच्या लेमनोस बेटावरून घेतलेला आहे. २०१२ मध्ये त्याच बेटावर कंपनीच्या दोन कर्मचाऱ्यांना लष्करी ठाण्यांचे फोटो काढल्याच्या आरोपाखाली अटक झाली. १२९ दिवस तुरुंगात राहून जानेवारी २०१३ मध्ये ते जामिनावर सुटले. त्यांची बाजू काय होती त्यात मी जात नाही. एवढंच सांगतो की खेळातली माती कुठल्या तरी खऱ्या मातीवरून येते आणि खऱ्या मातीवर पहारा असतो. माझ्यासारखे जे निवृत्त लोक या छंदात पडतील त्यांना विनंती आहे: चौकी कुठे होती, बंकर कसा होता, रस्ता कुठून यायचा, हे गेममध्येही मांडू नका. गोष्ट सांगा, नकाशा सांगू नका.

दुसरी, पट्टी. पूर्ण फिल्मभर चित्रावर ‘हे दृश्य कॉम्प्युटर गेममधील आहे’ असं मराठीत आणि हिंदीत लिहिलेलं हवं, हा माझा हट्ट. नातू वैतागला. म्हणाला, “आजोबा, सुरुवातीला एकदा लिहू ना. सगळी मजा जाते.” मी म्हणालो, सुरुवात कापता येते. तो म्हणाला, मग कोपऱ्यात बारीक लिहू. कोपराही कापता येतो. शेवटी पट्टी चित्राच्या आत, मधल्या भागाजवळ ठेवली आणि प्रत्येक दृश्यात तिची जागा बदलली. दिसायला ती वाईटच दिसते. नातवाचं म्हणणं चूक नव्हतं. अंधारातला तो पांढरा ठिपका पट्टीशिवाय जास्त सुंदर दिसतो. पण ज्या फिल्ममधून कुणीही अर्धं मिनिट कापून कुणाच्या तरी आईला पाठवू शकेल, ती फिल्म मला करायची नव्हती. व्हिडिओ गेममधला आहे हे बनवणाऱ्यांनी स्पष्ट लिहावं, असं बोहेमियाच्या त्या निवेदनातही आहे.

सँड मॉडेलसमोर उभं राहिलं की आम्ही लढाईची गोष्ट लगेच सुरू करत नाही. आधी उत्तर दिशा दाखवतो, मग प्रमाण सांगतो, कुठली रेघ म्हणजे काय ते सांगतो. मग योजना. समोर बसलेल्याला आपण काय बघतोय हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा शिरस्ता. गेमची फिल्म बनवणाऱ्या मुलांना मी तेच सांगतो. तुमची कला मोठी आहे, मेहनत मी पाहिली आहे. फक्त उत्तर दिशा आधी दाखवा.

आणि माझ्या वयाच्या मित्रांनो, आपल्याला धूर ओळखायला शिकावं लागेलच असं नाही. उद्या धूरही सुधारेल, धावणारी माणसंही सुधारतील. आपण एवढंच करू शकतो: क्लिप कुणी, कुठून, कधी काढली हे माहीत नसेल तर ती आपल्यापाशी थांबवायची. ‘खरं आहे का?’ असं विचारून पुढे पाठवणं म्हणजे पाठवणंच. आपल्या नावामागे हुद्दा असेल तर जास्तच.

फिल्म पहिल्यांदा वहिनींना पाठवली. तासाभरानं फोन आला. म्हणाल्या, “पयलं पट्टी वाचली, मग बघितलं.” थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “बिडीचं खरं हाय. घरीबी इचारूनच ओढायचे.”