राखेच्या भरपाईचा हिशेब

एखाद्या प्रकल्पाच्या दारात भरपाईसाठी गावकरी येऊन बसले, की उत्पादन किती बुडाले याचा आकडा लगेच छापून येतो. त्या गावकऱ्यांचे उत्पादन आधीच बुडालेले असते. त्याचा आकडा कोणी काढत नाही.

१६ जुलै २०२२ रोजी कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा मुसळधार पावसात फुटला. राखेचा गाळ शेतांत शिरला आणि कोलार, कन्हान या नद्यांत उतरला. नागपूर पिते ती हीच कन्हान. अशा वेळी पंचनामे होतात ते उभ्या पिकाचे. पीक एका हंगामाचे. जमिनीवर बसलेला थर मात्र हंगाम पाहत नाही. विहिरीचे पाणी, गुरांची वैरण, नदीवरची मासेमारी यांना सातबारा नसतो. शेतमजुराचे बुडालेले रोज तर पंचनाम्याच्या कागदावर सहसा येतच नाहीत.

३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये ‘पर्यावरणीय भरपाई’ बसवली. पण ती रक्कम जमा होते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या खात्यात, आणि मुख्यतः राखेच्याच विल्हेवाटीसाठी. शेतकरी या सूत्रात कोठेही नाही. अर्थशास्त्र या नुकसानीला ‘बाह्य खर्च’ म्हणते. बाह्य कोणाला? कंपनीच्या ताळेबंदाला. खसाळ्याच्या शेतकऱ्याच्या तर तो घरात शिरलेला आहे.

तेलाच्या मुलखातही हेच घडले. नायजेरियातील ओगोनी लोकांच्या उठावामुळे १९९३ मध्ये शेल कंपनीला तेथील उत्खनन थांबवावे लागले. १९९५ मध्ये केन सारो-विवा आणि त्यांचे आठ सहकारी फासावर गेले. ओगोनीच्याच भूमीतील बोडो गावात २००८ मध्ये तेलवाहिनी दोनदा गळली. साडेपाच कोटी पौंडांची भरपाई ठरली ती २०१५ मध्ये, आणि तीही लंडनमध्ये दावा लावल्यावर. ओगोनीची भूमी स्वच्छ व्हायला २५ ते ३० वर्षे लागतील, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये नोंदवले होते.

तेथे परकी कंपनी होती. येथे महानिर्मिती, म्हणजे राज्य सरकारच. सार्वजनिक मालकीचा आग्रह धरणाऱ्यांना हे पचवणे जड जाते. परंतु मालकी सरकारची म्हणून राखेने पीक कमी जळत नाही. उलट, सार्वजनिक उद्योगाने भरपाईसाठी दारात धरणे धरण्याची वेळ आणणे अधिक लाजिरवाणे. पारशिवनी तालुक्यातील नांदगावी ग्रामस्थांनी आवाज उठवला, तेव्हा कोठे २०२२ च्या फेब्रुवारीत तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी तेथील राख टाकणे थांबवायला सांगितले.

कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर २९ मे २०२३ रोजी जनसुनावणी झाली. अशा सुनावणीत विरोधाची भाषणे पुष्कळ होतात. गावाच्या विहिरींचे पाणी, मातीचे नमुने आणि मजुरीचे दिवस यांची नोंदवही घेऊन फार थोडे जण जातात. कार्यकर्त्यांनी ती नोंद बंधारा फुटण्याआधी, पावसाळ्यापूर्वी करावी आणि ग्रामसभेच्या ठरावाला जोडून ठेवावी.